थकव्याची वही वेगळी, भविष्याची वेगळी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. वय ३८. चार वर्षांपूर्वी प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस, म्हणजे पीबीसी, या यकृतातल्या बारीक पित्तनलिका हळूहळू खराब करणाऱ्या आजाराचं निदान झालं. अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांनी रक्तातले आकडे चांगले खाली आणलेत. यकृत किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन १७ किलोपास्कल, म्हणजे सिरोसिसच्या (यकृत वणांनी भरून कडक होण्याच्या) उंबरठ्याच्या जेमतेम आत. प्लेटलेट १ लाख ६२ हजार. पोटात पाणी नाही, कावीळ नाही, रक्ताची उलटी कधी झालेली नाही. डॉक्टर दर वेळी "स्टेबल आहे" म्हणतात, आणि दुपारी तीन वाजले की तुमच्या अंगातलं अवसान गळतं. नवरा म्हणतो, "रिपोर्ट चांगले आहेत ना, मग?" कामावर बढती समोर आहे, घराच्या कर्जाचे कागद टेबलावर पडलेत, दुसऱ्या मुलाचा विचार मनात आहे. सहा वर्षांच्या लेकीला दर रविवारी संध्याकाळी पोहायला न्यायचं कबूल केलंत आणि दर रविवारी ते रद्द होतंय. या सगळ्याच्या तळाशी एकच प्रश्न: "इतकी थकते आहे म्हणजे आजार आतून वाढतोय का? मी किती वर्षं धरून चालू?"

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. नाही, तुमच्या थकव्यावरून यकृताची अवस्था कळत नाही. पीबीसीमध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांना हा थकवा असतो आणि आजार किती पुढे गेलाय याच्याशी त्याचं गणित जुळत नाही. यकृतावर जेमतेम वण आलेली बाई दुपारी भिंतीला टेकून बसते आणि पूर्ण सिरोसिस असलेला माणूस दिवसभर उभा राहून काम करतो, हे मी गेली २२ वर्षं ओपीडीत पाहते आहे. म्हणून मी रुग्णांना दोन वह्या करायला सांगते, काहींना खरोखरच्या, काहींना मनातल्या. थकव्याच्या वहीवरून आजचा आणि या आठवड्याचा दिवस आखायचा. भविष्याच्या वहीवरून पाच-दहा वर्षांचे निर्णय घ्यायचे. पहिलीतलं पान फाडून दुसरीत चिकटवलं की माणूस बढती नाकारतो, मूल होऊ देत नाही, आणि सात वर्षांनी रिपोर्ट तसेच्या तसे पाहून कपाळावर हात मारतो.

माझी एक चूकही सांगते. सुरुवातीच्या काळात मी अगदी सद्भावनेने म्हणायची, "रिपोर्ट छान आहेत, काळजी करू नका." एका बाईंनी मला सुनावलं, "तुमच्या या वाक्यानं घरी माझं म्हणणं खोटं ठरतं." त्या निघून गेल्यावर मी बराच वेळ पुढचा रुग्ण आत बोलावला नव्हता. त्यांचं बरोबर होतं. "रिपोर्ट छान" हे दुसऱ्या वहीतलं वाक्य होतं आणि मी ते पहिल्या वहीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दिलं होतं.

हा थकवा येतो तरी कुठून? मोठा वाटा मेंदूचा आहे. तो मनाचा खेळ नाही. यकृतात दाह चालू असला की तिथून निघणारी दाहाची रसायनं आणि नसांवाटे जाणारे निरोप मेंदूपर्यंत पोहोचतात आणि मेंदू शरीराला "गप्प पडून राहा" असा हुकूम देतो. फ्लूमध्ये हाच हुकूम चार दिवस येतो. तुमच्या आजारात तो पुसट आवाजात कायम चालू राहतो. दुसरा वाटा स्नायूंचा. पीबीसीमध्ये रक्तात सापडतात त्या अँटिबॉडी मायटोकाँड्रियाविरुद्धच्या असतात, तुमच्या पहिल्या रिपोर्टवर 'एएमए पॉझिटिव्ह' लिहिलं असेल ते हेच. मायटोकाँड्रिया हे पेशीतलं ऊर्जेचं चुलाण. पीबीसीच्या काही रुग्णांच्या स्नायूंत थोड्याशा श्रमानेही जास्त आम्ल साचतं आणि ते निवळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, असं आढळलं आहे. दोन जिने चढल्यावर पाय शिशाचे होतात आणि अर्धा तास तसेच राहतात, हे तुम्ही कल्पनेने रचलेलं नाही. तिसरा वाटा रक्तदाबाच्या नियंत्रणाचा आहे. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटं झाल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर त्यावर करण्यासारखं बरंच असतं.

अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड यकृत राखतं, थकवा घालवत नाही. त्यामुळे "गोळी घेऊनही थकते म्हणजे गोळी लागू पडत नाही" हा तर्क सोडून द्या, आणि या कारणाने गोळी तर अजिबात सोडू नका. तिचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे रोज १३ ते १५ मिलिग्रॅम. वजन वाढलं असेल तर हिशोब पुन्हा करून घ्या.

आता, "हा आजारच असा आहे" म्हणून सगळं पीबीसीच्या खात्यावर टाकायच्या आधी बाकीचे चोर शोधायला हवेत. माझ्या अनुभवात इथे हमखास काहीतरी सापडतं, कधी अर्धा थकवासुद्धा. पीबीसी असणाऱ्यांत थायरॉइड मंद असणं बरंच आढळतं, सिलियाक आजारही (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं तो) इतरांपेक्षा जास्त. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी१२, ड जीवनसत्त्व, साखर, सोडियम हे सगळं एका रक्तात होऊन जातं. घोरत असाल तर झोपेत श्वास अडकतो का ते पाहायला हवं. उदासी असेल तर तिच्यावर वेगळे उपचार घ्यावेत. उदासीमुळेच थकवा येतो असं नव्हे, पण दोघी एकमेकींच्या हातात हात घालून फिरतात.

खाजेबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मीच विचारते, कारण रुग्ण ती सांगत नाहीत. रात्री तळहात-तळपाय खाजतात का? पीबीसीची खाज रात्री चढते आणि झोपेचे लचके तोडते. रुग्णाला वाटतं आपण आठ तास झोपलो, प्रत्यक्षात झोप पाच तुकड्यांत झालेली असते. मग सकाळी जो येतो तो झोपेचा थकवा, आणि त्यावर इलाज आहे. कोलेस्टायरामिनची पूड, ती पुरली नाही तर रिफॅम्पिसिन आणि त्यापुढची औषधं, सगळं डॉक्टरांच्या देखरेखीत. कोलेस्टायरामिन इतर औषधांनाही आतड्यात धरून ठेवतं, त्यामुळे ते आणि यकृताची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. खाजेवर म्हणून अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्या चालू असतील तर त्या खाज फारशी कमी करत नाहीत, दिवसभर पेंग मात्र आणतात.

औषधांची यादीही काढा. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल ही औषधं थकवा आणतात. ती जीव वाचवणारी औषधं आहेत, स्वतःहून बंद करायची नाहीत, पण डोस आणि वेळ बदलता येते. तुम्हाला ती चालू असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. इतर कारणांनी सिरोसिस झालेले जे कोणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी सांगितलं.

त्यांच्यासाठीच आणखी एक. यकृत जास्त दमलं की अमोनियासारखी द्रव्यं रक्तात साठून मेंदूवर हलकी धुंदी येते, तिला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. सुरुवातीला ती थकव्याच्याच वेशात येते. दिवसा झोप, रात्री टक्क जागरण, नेहमीचा हिशोब चुकणं, अक्षर बिघडणं. ओपीडीत मी एक साधी चाचणी करते, एका मिनिटात प्राण्यांची जितकी नावं आठवतील तितकी सांगा. १० सुद्धा आली नाहीत तर पुढे तपासायलाच हवं. अशा माणसानं तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नये. लॅक्ट्युलोज हे पोट साफ ठेवणारं औषध नीट घेतलं, दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतकं, की घरचे म्हणतात, "आमचा माणूस परत आला." तुमच्या आकड्यांवरून तुम्हाला हे असण्याची शक्यता कमी आहे.

चोर शोधून झाले तरी काही थकवा उरेल. त्यावर रामबाण गोळी नाही. मोडाफिनिलसारखी जागं ठेवणारी औषधं पीबीसीच्या थकव्यात करून पाहिली गेली, चाचणीत ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. हे स्पष्ट सांगते, कारण उत्तर नाही म्हटलं की माणूस जाहिरातींकडे वळतो. थकव्यासाठी म्हणून विकली जाणारी अश्वगंधा, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल, हळदीचे तीव्र अर्क यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत. निरोगी यकृत त्यातून सहसा सावरतं, तुमच्याकडे ती शिल्लक कमी आहे. 'नैसर्गिक' हा शब्द बाटलीवर असतो, यकृताला तो वाचता येत नाही. झोपेच्या गोळ्याही परस्पर नकोत. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत चालतं, लोक नेमकं उलटं करतात.

मग उपयोग कशाचा होतो? दोन गोष्टींचा, आणि त्या दोन्ही स्नायूंशी निगडित आहेत.

पहिली जेवण. निरोगी यकृत दिवसभराच्या जेवणातली साखर साठवून ठेवतं आणि रात्री थोडी थोडी सोडतं. सिरोसिसमध्ये ही कोठी लहान झालेली असते. रात्रीच्या दहा-बारा तासांच्या उपवासानंतर सिरोसिसच्या रुग्णाचं शरीर अशा अवस्थेत जातं की निरोगी माणसाला तिथे पोहोचायला दोन-तीन दिवस उपाशी राहावं लागेल. कोठी रिकामी झाली की शरीर स्नायू मोडून इंधन करतं. म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी खायचं, ज्यात सुमारे ५० ग्रॅम पिष्ट असेल आणि थोडी प्रथिनं, आणि सकाळी उठल्यावर न्याहारी लांबवायची नाही. रुग्णांना हे इतकं साधं वाटतं की ते करतच नाहीत. प्रथिनं दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम हवीत. यकृताच्या रुग्णाने प्रथिनं कमी खावीत हा जुना सल्ला आता चुकीचा ठरलाय, त्याने कित्येकांचे स्नायू वाया गेले. स्नायू अमोनियासुद्धा निकामी करतात, म्हणजे यकृताचं थोडं काम तेच अंगावर घेतात. दारू अजिबात नको. सकाळची कॉफी मात्र बंद करू नका, यकृताला तिचं वावडं नाही, उलट कॉफी पिणाऱ्यांत यकृतावरचे वण कमी आढळतात. फक्त दुपारनंतर नको, रात्रीच्या झोपेसाठी.

दुसरी हालचाल. "थकलेल्या माणसाला व्यायाम सांगता?" असं मला बऱ्याचदा रागाने विचारलं जातं. राग समजतो. पण पडून राहिलेला स्नायू झिजतो, झिजलेला स्नायू लवकर दमतो, आणि दमल्यावर माणूस आणखी पडून राहतो. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. युक्ती अशी की सुरुवात तुमच्या वाईट दिवसाच्या मापाने करायची. ज्या दिवशी अंगात अगदीच त्राण नसतं त्या दिवशी तुम्ही किती चालू शकता? सात मिनिटं? तर रोज सात मिनिटं, चांगल्या दिवशीसुद्धा सातच. दोन आठवड्यांनी नऊ. दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं झालं तर माप निम्मं करायचं आणि पुन्हा चढायचं. जोडीला खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, सुरुवातीला पाच वेळा. यकृताच्या रुग्णाचा अशक्तपणा मोजण्याच्या चाचणीत आम्ही हेच पाहतो, पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात, हाताची पकड किती आणि तोल कसा. वजनं उचलायची तर हलकी, श्वास कोंडून जोर लावायचा नाही, आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त. तीन महिने द्या. त्याआधी फरक पडला नाही म्हणून सोडणारेच जास्त.

चांगल्या दिवसाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण माझ्या रुग्णांना वाईट दिवसापेक्षा चांगला दिवस जास्त नडतो. सकाळी बरं वाटतं म्हणून आठवडाभराची तुंबलेली कामं एका दमात उरकतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे अडचण अशी की अंथरूण रोज वेगळ्या मापाचं मिळतं. म्हणून वही. दोन आठवडे, दर दोन तासांनी, ० ते १० असा एक आकडा आणि त्याआधी काय केलं ते तीन शब्दांत. यापेक्षा जास्त लिहू नका, नाहीतर वहीच थकवेल. बहुतेकांना त्यात नमुना दिसतो. तुमचा तर दिसतोच आहे, तीन वाजता घसरण. मग डोकं लागणारी कामं साडेअकराच्या आत, दुपारी एक ते दीडमध्ये वीस मिनिटं आडवं होणं, आणि तेही कोसळल्यावर नव्हे, कोसळण्याआधी. वीसची चाळीस झाली की रात्रीची झोप बिघडते, गजर लावा.

नवऱ्याबद्दल. ते निर्दयी आहेत असं मला तुमच्या लिहिण्यातून वाटलं नाही. ते एकाच वहीतलं वाचतायत, कारण डॉक्टरांनी त्यांना एकच दाखवली. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर वदवून घ्या की या आजारात रिपोर्ट आणि थकवा वेगवेगळे चालतात. पांढऱ्या कोटातून आलेलं वाक्य घरात जास्त वजनाचं ठरतं. असं व्हायला नको, पण होतं. आणि घरी "मी दमले" ऐवजी आकडा सांगा. "आज तीनवर आहे" म्हटल्यावर समोरचा वाद घालत नाही, कुकर लावतो.

आता दुसरी वही. तिच्यात काय लिहायचं? यकृताची अवस्था, जी तुमची चाइल्ड-प्यू वर्गात 'ए' दिसते, म्हणजे ए, बी, सी या पायऱ्यांतली सर्वात सौम्य. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप), क्रिएटिनिन, सोडियम आणि त्यांतून निघणारा मेल्डचा आकडा, जो जितका जास्त तितकं यकृत जास्त बिघडलेलं. प्लेटलेट आणि फायब्रोस्कॅन वर्षागणिक कुठे चाललेत. पीबीसीमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि बिलिरुबिन औषधाला कसा प्रतिसाद देतात, हा पुढच्या वाटचालीचा सर्वात बोलका आकडा, आणि तुमचा प्रतिसाद चांगला आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण सिरोसिसमध्ये यकृतात गाठ होण्याचा धोका असतो आणि लहान असताना सापडली तर ती काढता किंवा जाळता येते. हाडांची घनता, कारण पीबीसीत हाडं लवकर ठिसूळ होतात. या वहीत 'थकवा' हा शब्द कुठेही नाही.

"किती वर्षं?" हा प्रश्न मी टाळत नाही. जुन्या मोठ्या अभ्यासांत, ज्यांच्या सिरोसिसने अजून पोटात पाणी, रक्तस्राव, कावीळ, भ्रम यांपैकी काही केलेलं नाही अशा निम्म्या लोकांनी १२ वर्षांहून जास्त काळ काढला. या चारपैकी काही घडल्यावर तोच आकडा सुमारे दोन वर्षांवर येतो. पहिल्या अवस्थेतून दुसरीत दरवर्षी १०० पैकी ५ ते ७ जण जातात. पण या गर्दीत दारू चालू असलेले होते, ज्यांच्या विषाणूवर तेव्हा औषधच नव्हतं असे होते, सत्तरीतले होते. औषधाला प्रतिसाद देणारी ३८ वर्षांची पीबीसीची बाई त्या सरासरीत बसत नाही, ती तिच्या बऱ्याच पुढे उभी असते. या आकड्यांतून घ्यायचं ते इतकंच की पहिल्या अवस्थेत राहणं हेच सगळ्यात मोलाचं काम आहे, आणि तुम्ही तिथे आहात.

भविष्याबद्दल आणखी एक गोष्ट मला एका रुग्णाने शिकवली. त्याला हिपॅटायटिस सी होता, सिरोसिस होता. त्या काळचं इंटरफेरॉन ४८ आठवडे टोचून घेऊनही विषाणू गेला नाही, उलट त्या इंजेक्शनांनीच तो पार खचला. २०११ मध्ये त्याने चालता धंदा विकला, "आता कशाला" म्हणून. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे त्या विषाणूवरचं नवं औषध आलं. २०१५ मध्ये १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी त्याचा विषाणू कायमचा गेला. सिरोसिस उरलाय, सहामाही सोनोग्राफी चालू आहे, पण माणूस ठणठणीत आहे आणि अजून मला सांगतो की आजारापेक्षा तो धंदा विकल्याचं दुःख जास्त आहे. पीबीसीतही २०२४ मध्ये अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड पुरेसं न पडणाऱ्यांसाठी एलाफिब्रॅनॉर आणि सेलाडेल्पार अशी दोन नवी औषधं मंजूर झाली. आजच्या औषधपेटीवरून पंधरा वर्षांनंतरचं ठरवू नका.

प्रत्यारोपणाचा विचार तुमच्या आत्ताच्या आकड्यांवर दूर आहे. ते लागलंच तर पहिलं वर्ष सुखरूप पार करणारे आज १०० पैकी सुमारे ९० असतात. मात्र एक जाणून ठेवा, पीबीसीचा थकवा नवं यकृत बसवल्यावरही पूर्ण जाईलच असं नाही, म्हणून केवळ थकव्यासाठी प्रत्यारोपण करत नाहीत. तिथेही दोन वह्या वेगळ्याच.

दुसऱ्या मुलाचं. हा निर्णय दुसऱ्या वहीवरून सुरू होतो आणि पहिलीवर येऊन संपतो. चाइल्ड 'ए' आणि मेल्ड ६ च्या आसपास असेल तर गरोदरपणात यकृत ढासळण्याचा धोका बराच कमी असतो, १० च्या वर असेल तर तो ठळकपणे वाढतो. खरा धोका फुगलेल्या शिरांचा, कारण गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि त्यांच्यावरचा दाबही. तुमच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर आणि फायब्रोस्कॅन २० च्या खाली आहे, अशांत धोकादायक शिरा सापडणं विरळा. तरीही दिवस राहण्याआधीच्या वर्षभरात एंडोस्कोपी करून घ्यावी असं मी सांगेन, आणि राहून गेली तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात. तुमची गोळी गरोदरपणात चालू ठेवता येते. खाज वाढू शकते, बाळंतपण वेळेआधी होण्याची शक्यता जास्त असते, आणि प्रसूतीनंतरच्या महिन्यांत यकृताचे आकडे पुन्हा उसळी घेऊ शकतात, त्यामुळे तपासण्या तेव्हा सोडायच्या नाहीत. ज्यांचा आजार वेगळा आहे आणि मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे, त्यांनी ते दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायलाच हवं, त्याने गर्भाला व्यंग येतं. आणि वय ३८ आहे, "बघू दोन वर्षांनी" म्हणण्याची किंमत इथे यकृतापेक्षा वय वसूल करतं. मग पहिली वही उघडा आणि नवऱ्यासमोर बसून एकच विचारा: रात्री तीन वाजता बाळ रडेल तेव्हा कोण उठणार, आणि सलग किती महिने? यकृताचं उत्तर मी देऊ शकते, याचं नाही.

बढतीबद्दल, पद नाकारण्याआधी पदाचं वेळापत्रक विचारा. जास्त जबाबदारी पण सकाळी सुरू होणारा दिवस आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम, हे आत्ताच्या नोकरीपेक्षा सोपंही पडेल. मीटिंगा चार वाजता असतील तर तेच पद तुम्हाला खाऊन टाकेल. आजाराचं नाव सगळ्यांना सांगायची गरज नाही. "दीर्घकालीन आजार आहे, दुपारी वीस मिनिटं विश्रांती लागते, काम वेळेत होईल" इतकं वरिष्ठांना पुरतं. 'सिरोसिस' म्हटलं की लोक थेट दारूपर्यंत पोहोचतात, आणि पीबीसीचा दारूशी काही संबंध नाही हे किती जणांना समजावणार? याच गैरसमजामुळे या आजाराच्या नावातला 'सिरोसिस' २०१५ मध्ये काढून 'कोलँजायटिस' केला गेला.

कर्ज घ्या, पण हप्ता एका पगारावर निभेल इतका ठेवा. विम्याच्या अर्जात आजार लपवू नका, दावा फेटाळण्यासाठी कंपनीला त्याहून सोपं निमित्त नसतं. आणि मृत्युपत्र, तसंच "मी बोलू शकले नाही तर माझ्या उपचारांबद्दल कोणी ठरवायचं" हा कागद आत्ताच करून ठेवा. आजार वाढलाय म्हणून नव्हे. यकृताच्या आजारात पुढे कधी डोकं धुंदावलं तर सही करायचा दिवस नेमका तो नको. एका दुपारीत होतं, मग फाइल कपाटात.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगणं, डोळे पिवळे, थंडी वाजून ताप, किंवा तुम्ही विचित्र बोलताय असं घरच्यांना वाटणं, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. यादी फ्रिजवर लावा, तुमच्यापेक्षा घरच्यांना तिचा उपयोग जास्त. आणि ज्या दिवशी थकवा अचानक, दोन-चार दिवसांत दुप्पट होतो, त्या दिवशी तो नेहमीचा थकवा नाही असं समजून रक्त तपासा.

पोहण्याचं राहिलं. रविवारी संध्याकाळी तुम्ही ते कधीच निभावू शकणार नाही, चुकीची वेळ कबूल केली आहे. सकाळी नऊला न्या, शनिवारची दुपार मोकळी ठेवून. तुम्ही पाण्यात उतरायलाच हवं असं नाही, काठावर पाय सोडून बसलात तरी लेकीच्या हिशोबात तुम्ही आलात. आणि वहीत त्या दिवशीचा आकडा लिहा, मला तो बघायला आवडेल.